फेंटन केल्यावर स्लज मेला का? फिनॉल गेलं पण पाणी आधीपेक्षा विषारी झाल्यासारखं वाटतंय

लॅबमधली_मी

नमस्कार मंडळी, एमटेकच्या प्रोजेक्टमध्ये अडकलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. विषारी सांडपाणी आधी ऑक्सिडेशनने (फेंटन, म्हणजे पेरॉक्साइड आणि फेरस लोखंड) थोडं फोडायचं आणि उरलेलं काम बॅक्टेरियांवर सोडायचं असा विषय आहे. पाणी लॅबमध्येच बनवलंय, फिनॉल ५०० मिग्रॅ/लि, सीओडी, म्हणजे पाण्यातला माल केमिकलने जाळायला लागणारा ऑक्सिजन, ११९० च्या आसपास (कागदावरचा हिशोबही तेवढाच येतो, १ ग्रॅम फिनॉलला २.३८ ग्रॅम ऑक्सिजन). पीएच ३ केला, पेरॉक्साइड १००० मिग्रॅ/लि, फेरस १० मिग्रॅ/लि, एक तास ढवळलं.

तासाभराने फिनॉल जवळपास शून्य, खूप आनंद झाला. पण सीओडी फक्त १००० पर्यंत उतरला आणि पाणी एकदम चहासारखं तपकिरी. तरी म्हटलं बॅक्टेरिया खातील, पीएच ७ केला आणि ॲक्टिव्हेटेड स्लजच्या (जिवंत बॅक्टेरियांच्या गाळाच्या) बॅचमध्ये ओतलं. ओतल्याबरोबर बारीक बुडबुडे आले, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) वर गेला तो वरच राहिला, दोन दिवस सीओडी जागचा हलला नाही आणि वरचं पाणी गढूळ होत गेलं. म्हणजे स्लज श्वासच घेत नाहीये. याच स्लजला साधं ग्लुकोज दिलं तर व्यवस्थित खातो, ते पण तपासलंय.

माझं काय चुकतंय? डोस वाढवू का? की क्रमच उलटा हवा, आधी बायोलॉजिकल आणि मग फेंटन?

थेंब_थेंब

डोसला आत्ता हात लावू नकोस, आधी सांग की उरलेलं पेरॉक्साइड मोजलंस का? तुझ्या पोस्टमध्ये त्याचा उल्लेखच नाही आणि मला वाटतं निम्मं उत्तर तिथेच आहे.

ते बुडबुडे म्हणजे कॅटालेज. बॅक्टेरियांकडे पेरॉक्साइड फोडणारं हे एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, म्हणून डीओ वर गेला. थोडं पेरॉक्साइड असेल तर स्लज ते पचवतो, जास्त असेल तर पेशीच फुटतात आणि मग पाणी गढूळ होतं, फ्लॉक (स्लजचे गुच्छ) मोडतो, तू लिहिलंयस अगदी तसंच.

दुसरी गोष्ट, तुझा १००० चा सीओडी खरा नाही. सीओडीच्या टेस्टमधला डायक्रोमेट पेरॉक्साइडलासुद्धा ऑक्सिडाइझ करतो, त्यामुळे १ मिग्रॅ पेरॉक्साइड जास्तीत जास्त ०.४७ मिग्रॅ सीओडी म्हणून दिसतं. ३४ ला १६ अशा साध्या प्रमाणातून येतो हा आकडा. बीओडीमध्ये (जिवाणू खाताना किती ऑक्सिजन वापरतात ती टेस्ट) तर याच्या उलट होतं, बाटलीत पेरॉक्साइड फुटून ऑक्सिजन सुटतो आणि बीओडी खोटाच कमी येतो. म्हणजे एकाच चुकीने सीओडी फुगतो आणि बीओडी आक्रसतो, मग दोघांचं गुणोत्तर काढून 'हे पाणी बायोडिग्रेडेबल नाही' असं म्हणायला आपण मोकळे. माझे स्वतःचे तीन महिने असे वाया गेलेत म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

स्ट्रिपने अंदाज घे, नेमकं हवं असेल तर टायटॅनियमची पिवळ्या रंगाची मेथड कर. काढून टाकायला कॅटालेज सगळ्यात बरं. सल्फाइट पण चालतं पण मोजून घाल, जास्त झालं तर तेच सीओडीत दिसतं आणि डीओ पण खातं.

कोलॉइड

थेंब_थेंब बरोबर बोलतायत पण रंगाचं राहिलंच. तपकिरी रंग हा माझ्यासाठी मोठा इशारा आहे.

फिनॉलवर हायड्रॉक्सिल रॅडिकल (फेंटनमध्ये तयार होणारा खरा मारेकरी) आदळला की लगेच कार्बन डायऑक्साइड होत नाही. आधी कॅटेकॉल आणि हायड्रोक्विनोन होतात, मग बेंझोक्विनोन, मग रिंग फुटते आणि मॅलेइक, फ्युमेरिक अशी ॲसिडं, शेवटी ऑक्झॅलिक, ॲसेटिक, फॉर्मिक. यात हायड्रोक्विनोन आणि बेंझोक्विनोन हे मूळ फिनॉलपेक्षा कितीतरी जास्त विषारी आहेत आणि तो चहासारखा रंग याच मधल्या मंडळींचा. म्हणजे तू रिअॅक्शन नेमकी सगळ्यात वाईट जागी थांबवलीस. 'फिनॉल शून्य' हा आकडा इथे फसवतो, कारण तू फिनॉल मोजतेस आणि बॅक्टेरियांना भोगावं लागतं ते त्याच्या पोरांना.

फेरस फार कमी वाटतं. पुढे ऑक्झॅलिक ॲसिड तयार झालं की ते लोखंडाला धरून ठेवतं, लोखंडाची सायकल मंदावते आणि पेरॉक्साइड तसंच पडून राहतं. आधी लोखंड वाढवून बघ, पेरॉक्साइड आहे तेवढंच ठेव. मात्र लोखंड वाढलं की न्यूट्रलाइझ करताना फेरिकचा गाळ पण वाढतो, तो नीट गाळून घे.

आणि एकाच वेळेचा सॅम्पल घेऊ नकोस. ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटांना घे, प्रत्येकातलं पेरॉक्साइड मारून टाक आणि स्लजचा ऑक्सिजन अपटेक रेट, म्हणजे तो किती वेगाने ऑक्सिजन वापरतो, ते बघ. त्यासाठी महागडं काही लागत नाही, बंद फ्लास्क, स्टरर आणि डीओ प्रोब, बास. ग्लुकोज दिलेल्या स्लजचा रेट १०० धर आणि तेच ग्लुकोज अधिक तुझं पाणी दिल्यावर किती होतो ते बघ. विषारीपणा आधी चढेल आणि मग उतरेल असा आलेख यायला हवा. तो जिथे उतरतो तिथे थांबायचं, त्यापुढे पेरॉक्साइड ओतणं म्हणजे बॅक्टेरिया फुकटात खातील त्या ॲसिटेटवर महाग केमिकल उधळणं.

अजून एक, न्यूट्रलाइझ करताना फेरिक खाली बसतं तेव्हा फॉस्फेटला पण घेऊन बसतं. फेंटननंतर फॉस्फरस परत घालतेस ना? नाहीतर स्लज उपाशी राहील आणि तू दोष विषाला देशील.

जुना_ऑपरेटर

ताई, मी पुस्तकी माणूस नाही, प्लांटवर आयुष्य गेलं. वरच्या दोघांनी सांगितलं ते बरोबरच आहे पण माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. फिनॉलला फेंटन लागतंच कशाला?

कोक ओव्हनच्या (कोळशाचा कोक करणाऱ्या भट्टीच्या) पाण्यात फिनॉल शेकड्यांनी असतं आणि ते बॅक्टेरियाच खातात, आवडीने खातात. फक्त सवय लावावी लागते. घरगुती सांडपाण्याचा स्लज आणून त्याच्यावर एकदम ५०० चं फिनॉल ओतलं तर तो बसणारच. ५० पासून सुरू करा, खाल्लं की १००, मग २००, घाई करायची नाही, डीओ आणि वरच्या पाण्याचा गढूळपणा बघत राहायचं. आणि बॅचपेक्षा थोडं थोडं सोडलं तर अजून बरं, कारण फिनॉल हे त्यांचं अन्न पण आहे आणि जास्त झालं तर विष पण आहे.

तुम्ही पेरॉक्साइडचा हिशोब केला का? ५०० फिनॉल पूर्ण जाळायला कागदावरच अडीच हजार मिग्रॅ/लि लागतं. एवढं केमिकल रोज ओतायचं, वर ॲसिड, वर चुना, वर लोखंडाचा गाळ, तो गाळ टाकायचा कुठे ते वेगळंच. जे काम जिवाणू हवेवर करतात ते केमिकलने करायचं नाही, हे मी प्रत्येक नवीन पोराला सांगायचो.

कोलॉइड

जुना_ऑपरेटर काका, प्लांटसाठी तुमचं शंभर टक्के मान्य. पण संशोधनात फिनॉल घेतात ते मॉडेल म्हणून, त्याचे मधले टप्पे नीट माहीत आहेत म्हणून. चूक फिनॉल घेण्यात नाही. कंट्रोल (तुलनेसाठी फेंटनशिवायची बॅच) न ठेवता 'फेंटनमुळे बायोलॉजिकल सुधारलं' असं लिहिण्यात चूक आहे, आणि असे रिपोर्ट मी खूप बघितलेत, तुलना करतात ती सवय नसलेल्या स्लजशी. मग काहीही चांगलंच दिसतं.

क्रमाबद्दल विचारलंयस तर एकच नियम नाही. पाण्यातला बहुतेक सीओडी साधा असेल आणि थोडासाच हट्टी, तर बायोलॉजिकल आधी, नाहीतर रॅडिकल साध्या मालावरच खर्च होतात, हायड्रॉक्सिल रॅडिकल निवड करत नाही, बायकार्बोनेट असेल तर त्याच्यावरही जातो. मुळातच स्लज मारणारं पाणी असेल तर ऑक्सिडेशन आधी. शहरी सांडपाण्यातल्या औषधांच्या अंशांसाठी स्वित्झर्लंडमध्ये बायोलॉजिकल झाल्यावर ओझोन देतात आणि त्याच्यामागे परत वाळूचा फिल्टर ठेवतात, कारण ओझोनने तयार झालेले तुकडे खायला शेवटी जिवाणूच लागतात. ॲझो रंगांचं (दोन नायट्रोजनच्या बाँडवर बांधलेले रंग) अजून वेगळं, तिथे हवेशिवायच्या टाकीत ॲझो बाँड तुटतो, रंग जातो पण ॲरोमॅटिक अमाइन उरतात, त्यांना नंतर हवा लागते. रंग गेला म्हणून पाणी साफ झालं असं तिथेही म्हणता येत नाही.

लॅबमधली_मी

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी परत आलेय, केलेलं सगळं लिहिते.

पेरॉक्साइड मोजलं, स्ट्रिप शेवटच्या रंगाच्या पण पुढे गेली, दहापट पातळ करून ३०० मिग्रॅ/लि च्या जवळ आलं. म्हणजे १००० च्या सीओडीतले १४० च्या आसपास नुसते पेरॉक्साइडचे, खरा सीओडी ८६०. उलट बाजूने पण जुळतंय, ७०० पेरॉक्साइड वापरलं गेलं, त्याला ०.४७ ने गुणलं तर ३३० च्या आसपास, आणि ११९० मधून तेवढे गेले तर ८६०. हा हिशोब जुळला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काहीतरी कळतंय.

मग फेरस ५० केलं आणि वेळेप्रमाणे सॅम्पल घेतले, सगळ्यात कॅटालेज घातलं, फॉस्फेट परत घातलं (मी ते खरंच घालत नव्हते). ५ मिनिटांचा सॅम्पल सगळ्यात वाईट, स्लजचा रेट निम्म्याच्याही खाली. ६० मिनिटांना रंग फिका पिवळा झाला आणि रेट ग्लुकोजच्या जवळ आला. आणि १२० मिनिटांना त्यात काहीच फरक नाही, म्हणजे नंतरचा एक तास मी उगाच ढवळत होते.

काकांचा कंट्रोल पण लावलाय. सवय लावलेला स्लज आता २०० फिनॉल एका दिवसात साफ करतो, फेंटनशिवाय. हे बघून आधी वाईट वाटलं, कारण माझ्या प्रोजेक्टचा मुद्दाच गेला असं वाटलं. गाइडना दाखवलं तर त्या म्हणाल्या हाच आलेख पहिल्या चॅप्टरमध्ये टाक.

आता पुढचं पाणी २,४,६-ट्रायक्लोरोफिनॉलचं घ्यायचं ठरतंय, ते हवेच्या स्लजला खरंच जड जातं. फेंटनमध्ये त्याचं क्लोराइड सुटतं ते मोजून डीक्लोरिनेशन कुठपर्यंत आलं हे कळेल असा विचार आहे. पण पीएच मी हायड्रोक्लोरिक ॲसिडने उतरवत होते, मग सुटलेलं क्लोराइड वेगळं कसं दिसणार?

थेंब_थेंब

सल्फ्युरिक वापर. क्लोराइड हे हायड्रॉक्सिल रॅडिकलना पण खातं आणि सीओडीत पण त्रास देतं, सुटलेलं थोडंसं पण लक्षात ठेवून सीओडीच्या ट्यूबमध्ये क्लोराइड बांधून ठेवणारं मर्क्युरिक सल्फेट आहे ना ते बघून घे. आणि फेरस पण सल्फेटचंच घे, क्लोराइडचं नको.

जुना_ऑपरेटर

ताई, ट्रायक्लोरोफिनॉलला पण सवयीच्या स्लजचा कंट्रोल आत्ताच चालू करा, ५ मिग्रॅपासून. त्याला वेळ लागतो, महिने जातील, म्हणून आजच.