नॉर्वे १९४२: सगळ्यांचं पत्र एकाच मजकुराचं का?

१९४२मध्ये नॉर्वेतल्या शिक्षकांनी सरकारला नकाराची पत्रं पाठवली, सगळी एकाच मजकुराची. त्यांनी ती आपापल्या शब्दांत का लिहिली नाहीत, हा प्रश्न मोलाचा आहे. देश जर्मनीच्या ताब्यात होता. फेब्रुवारीत नाझींच्या पाठिंब्यावरचा सरकारप्रमुख क्विसलिंगने नाझी धाटणीच्या नव्या शिक्षक संघटनेचं सदस्यत्व सक्तीचं केलं. ओस्लोतल्या गुप्त गटाने नकाराचा छोटा मजकूर ठरवला. हजारोंनी तो स्वतःच्या नावानिशी धाडला. मजकूर एकच, म्हणून म्होरक्या हुडकणं कठीण; सही स्वतःची, म्हणून माघारही कठीण. सरकारने इंधनटंचाईची सबब सांगून शाळा बंद केल्या आणि तिथेच फसलं: मुलं घरी बसली, पालकांच्याही निषेधपत्रांचा ढीग पडला. मार्चमध्ये सुमारे ११०० शिक्षकांना अटक झाली, कित्येकांना दूर उत्तरेला किर्केनेसला सक्तमजुरीला धाडलं. मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी गुपचूप पैसे जमवले जात होते. माझ्या मते पत्रांइतकंच तेही निर्णायक ठरलं.