टीव्हीला जोडायला पीसी बनवायचाय, पार्ट कुठले घेऊ? शनिवारच्या आत सांगा

ऐरोलीकर८
४३ इंची फोर-के टीव्ही घेतलाय. घरचा जुना पीसी त्याला लावला तर व्हिडिओ अडकत अडकत चालतो, आवाज पुढे आणि चित्र मागे. आता नवीनच बनवतो. बजेट २५ हजार. शनिवारी लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला कॉम्प्युटर पार्टचा बाजार) जातोय. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम कुठले घेऊ? गेमिंग अजिबात नाही. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड लागेलच. खरं का?

खाडीपलीकडे
जुन्या पीसीत काय आहे? सगळ्याच फाइल अडकतात की ठरावीक?

मामाचा_वाडा
पीसी कशाला हवा? टीव्हीच्या मागे स्ट्रीमिंग स्टिक लावा, पाच हजारांच्या आत काम. आमच्याकडे सगळे तेच वापरतात.

ऐरोलीकर८
@मामाचा_वाडा, स्टिक आहे. ४ टीबीची हार्डडिस्क आहे, घरचे सगळे व्हिडिओ त्यात, स्टिकवर ती धड चालत नाही.
@खाडीपलीकडे, आय५ आहे. फाइल नेहमीच्याच.

खाडीपलीकडे
आय५ २००९ पासून येतोय हो. पुढचे चार आकडे सांगा. आणि अडकणारी एक फाइल व्हीएलसी प्लेयरमध्ये लावून कंट्रोल + जे दाबा, तिथे कोडेक (व्हिडिओ कुठल्या पद्धतीने दाबून साठवलाय ते) लिहिलेला असतो तो इथे टाका. त्याशिवाय दिलेला सल्ला म्हणजे अंदाजच.

घोडबंदर_फायबर
इंटरनेट कुणाचं आहे? आमच्याकडे २०० एमबीपीएस घेतल्यापासून बफरिंग बंद झालं.

खाडीपलीकडे
फाइल हार्डडिस्कवरून चालतेय, इंटरनेटचा इथे काही संबंध नाही.

ऐरोलीकर८
४५७०. कोडेक एचईव्हीसी, १० बिट लिहिलंय. बहिणीच्या लग्नाचे आणि भाच्याच्या बारशाचे, फोनवर काढलेले आहेत. जुने व्हिडिओ नीट चालतात. अजून एक, टीव्हीवर माऊस हलवला की तुटक तुटक सरकतो. माऊस बदलून बघितला, तेच.

खाडीपलीकडे
आता कळलं. दोन वेगळे प्रश्न आहेत.

४५७० हा २०१३ चा. एच.२६४ या जुन्या कोडेकसाठी त्यात वेगळं सर्किट आहे, म्हणून जुने व्हिडिओ सरळ चालतात. एचईव्हीसी हा त्यानंतरचा कोडेक, त्याच्या १० बिट प्रकारासाठी तसं काही नाही, सगळं गणित चार कोअरनाच करावं लागतं आणि फोर-केला ते दमतात. इंटेलमध्ये ही सोय सातव्या पिढीपासून नीट आली. एव्ही१ म्हणून अजून एक कोडेक यूट्यूबवर वाढतोय, त्यासाठी अकरावी पिढी किंवा पुढची लागते.

माऊसचं कारण केबलच्या टोकाला आहे. त्या काळच्या मदरबोर्डावर टीव्हीच्या केबलचं पोर्ट एचडीएमआय १.४ असतं, ते फोर-केला सेकंदाला ३० चित्रांपर्यंतच पाठवतं. ६० साठी २.० हवं. म्हणून नवीन काहीही घ्याल तेव्हा एचडीएमआय कितवं आहे ते आधी विचारा. स्वस्त बोर्डांत आजही १.४ सापडतं आणि दुकानदार आपणहून सांगत नाही.

जुनं_ते_चालतं
एवढ्यासाठी २५ हजार घालवू नका! जीटी १०३० हे छोटं ग्राफिक्स कार्ड टाका त्याच मशीनमध्ये. एचईव्हीसी १० बिट चालतं, एचडीएमआय २.० मिळतं, ३० वॉट खातं. मी कळव्यात हेच करून दिलंय एका शेजाऱ्याला, आजतागायत तक्रार नाही.

खाडीपलीकडे
कार्ड ठीक आहे, पण एव्ही१ त्यात नाही. आणि ४५७० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

जुनं_ते_चालतं
यूट्यूब व्हीपी९ कोडेकमध्ये पण देतं, ते १०३० वर मस्त चालतं. आणि विंडोज हवंच कशाला? लिब्रेइलेक ही लिनक्सवरची सिस्टीम टाका, मशीन चालू केलं की थेट कोडी हा व्हिडिओ प्लेयर उघडतो. चांगलं चालणारं मशीन भंगारात का काढायला लावता लोकांना?

पाचपाखाडी_टेक
दोघंही सोडा. आय३-१२१०० घ्या, एच६१० बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी. एव्ही१ सकट सगळं चालतं, कार्डाची गरज नाही. फक्त १२१००एफ घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं आणि स्वस्त म्हणून तोच गळ्यात मारतात.

हार्बर_लाइन
शनिवारी जाताय तर दुपारच्या आत पोचा. ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड. येताना हातात कॅबिनेट असेल तर दादरचा पूल जिवावर येतो.

ऐरोलीकर८
कॅबिनेट म्हणजे मोठा टॉवर का? तो ठेवायला जागा नाही. टीव्ही युनिटच्या खणात ठेवायचाय, आतून पाच इंच उंची. आणि होम थिएटर जुनं आहे, त्याला फक्त ऑप्टिकल केबल लागते. आईला रिमोटनेच चालवता आलं पाहिजे.

पाचपाखाडी_टेक
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. पाच इंचात १२१०० बसवायचा तर बारीक कॅबिनेट, बुटका कूलर, वेगळा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). बजेटबाहेर जाईल.

खाडीपलीकडे
मग एन१०० वाला तयार मिनी पीसी घ्या. २०२३ चा प्रोसेसर, ६ वॉटचा, एचईव्हीसी १० बिट आणि एव्ही१ दोन्ही. रॅम-एसएसडी आतच असते, हार्डडिस्क यूएसबीला लागते. लॅमिंग्टनची फेरीही वाचेल.

आवाजाचं नीट वाचा. मिनी पीसीला ऑप्टिकल सहसा नसतं. टीव्हीच्या ऑप्टिकलमधून काढाल तर काही टीव्ही एचडीएमआयवरून आलेला आवाज पुढे फक्त स्टिरिओ करून देतात. तसं झालं तर ऑप्टिकल असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. कोडीत चॅनल २.० ठेवा, पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) चालू करा आणि डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंगही (बाकीचा आवाज डॉल्बीत बदलणं) चालू करा, पाचही स्पीकर बोलतील.

टीव्हीतही एक सेटिंग असतं. सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीत डीप कलर. ज्या पोर्टला पीसी लावाल त्याच पोर्टला चालू करा. नाहीतर एचडीआर (जास्त उजेड-रंगांचं चित्र) दिसणार नाही आणि तुम्ही पीसीला दोष द्याल.

जुनं_ते_चालतं
पाच इंचाचं कळल्यावर मीही कार्डाचा आग्रह सोडला. पण जुनं मशीन विकू नका, हार्डडिस्कचा बॅकअप ठेवायला वापरा. लग्नाचे व्हिडिओ एकाच डिस्कवर ठेवणं बरोबर नाही.

ऐरोलीकर८
टीव्हीच्या रिमोटवर चालेल ना?

खाडीपलीकडे
नाही. त्यासाठी सीईसी (एचडीएमआय केबलमधून रिमोटचे हुकूम पोचवायची सोय) लागतं आणि पीसीला ते बहुतेक नसतं. यूएसबीचं डोंगल असलेला साधा रिमोट घ्या, वर-खाली-ओके-मागे एवढीच बटणं असलेला. आईंना पुरेल.

मामाचा_वाडा
४३ ऐवजी ५५ घ्यायला हवा होता.

ऐरोलीकर८
मिनी पीसीच घेतो. खणाला मागून प्लायवूड आहे, पुढे काचेचं दार. वायरीपुरतं भोक पाडू की प्लायवूड काढू?

पाचपाखाडी_टेक
पूर्ण काढा. मे महिन्यात बंद खणात ६ वॉटचं मशीनही तापतं, आणि शेजारी ती हार्डडिस्क. दोघांमध्ये चार बोटं जागा ठेवा.