शब्दचर्चा: ‘निरपेक्ष सत्य’, ‘परम सत्य’ की ‘अढळ सत्य’?

साखर पेठ:
नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या तरुण संघाचा बायबल अभ्यास आहे. विषय ‘ॲब्सोल्यूट ट्रुथ’ आणि पत्रक मराठीत काढायचंय. एक मैत्रीण ‘निरपेक्ष सत्य’ म्हणते, पाळकसाहेबांना ‘परम सत्य’ आवडतं, मला ‘अंतिम सत्य’ बरं वाटतं. आधाराचं वचन योहान १४:६, त्यात येशू म्हणतो, ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’. या वचनाशेजारी कुठला शब्द शोभेल?

नवी पेठ:
‘निरपेक्ष’च. तत्त्वज्ञानाच्या मराठी पुस्तकांत तोच रूढ आहे. सापेक्ष म्हणजे कशाच्या तरी अपेक्षेने खरं, निरपेक्ष म्हणजे कशावरच अवलंबून नसलेलं. ‘ॲब्सोल्यूट’च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही ‘बंधनातून सोडवलेलं’ असाच आहे. जुन्या मराठीत ‘केवल’ होता, पण आता ‘केवल’ म्हटलं की लोक ‘फक्त’ समजतात.

जुळे सोलापूर:
ताई, ‘अंतिम सत्य’ आधी बाजूला काढा. मराठीत ही जोडी मरणाला चिकटली आहे. ‘मृत्यू हेच अंतिम सत्य’ हे श्रद्धांजलीच्या फलकावर, शोकसभेत, मोबाइलवरच्या निरोपात इतक्यांदा येतं की पत्रक हातात घेणाऱ्याला पहिलं तेच आठवणार. ख्रिस्ती विश्वास नेमका याच्या उलट बोलतो. बायबलात, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात प्रेषित पौल मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो आणि तोही नाहीसा होणार असं सांगतो. पत्रकाच्या मथळ्यानेच त्या अध्यायाला छेद द्यायचा का?

‘परम’ची अडचण वेगळी. आपल्याकडे परम म्हटलं की पायऱ्या येतात. अद्वैत वेदान्तात पारमार्थिक सत्य वर, व्यावहारिक सत्य खाली. ती मांडणी मोठी आहे, तिच्याविषयी मला आदर आहे. पण ख्रिस्ती विचारात रोजच्या जगातलं, तारीख-वार असलेलं सत्य खालच्या पायरीचं होत नाही. आपण दर रविवारी विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणतो, त्यात ‘पंतय पिलात’ हे नाव येतं. प्रार्थनेत एका रोमन सुभेदाराचं काय काम? काम एवढंच की येशूला क्रुसावर चढवलं ते अमुक माणसाच्या अमलात, अमुक देशात घडलं. पिलात इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदियावर होता. त्याचं नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात सापडला. पौल तर बेधडक लिहितो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ आणि तुमचा विश्वासही पोकळ. सर्वोच्च सत्य एका घडलेल्या घटनेवर टांगून ठेवायची ही हिंमत ‘परम’ या शब्दात उतरत नाही.

‘निरपेक्ष’बद्दल नवी पेठेशी मी निम्मा सहमत आहे. सत्य माझ्या मतावर, बहुमतावर किंवा माझ्या विश्वासावरही अवलंबून नाही, हा अर्थ आपल्याला हवाच. मी मानलं नाही म्हणून देव नाहीसा होत नाही आणि मानलं म्हणून तयारही होत नाही. पण बोलीत या शब्दाला दुसरा वास आहे. ‘निरपेक्ष सेवा’ म्हणजे बदल्यात काही न मागता केलेली. ‘धर्मनिरपेक्ष’ म्हणजे धर्मापासून अंतर राखून. सामान्य वाचकाला ‘निरपेक्ष सत्य’ ऐकून दूर उभं राहिलेलं, कुणाशी देणंघेणं नसलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. बायबलातलं सत्य तसं नाही.

इथे जरा थांबतो, कारण खरी गंमत मूळ भाषेत आहे. जुन्या करारात सत्याला इब्री शब्द आहे ‘एमेत’. आलेफ, मेम, नून या तीन अक्षरांच्या धातूपासून तो आला. त्याच धातूचा ‘आमेन’ आणि त्याच धातूचा ‘एमुना’, म्हणजे विश्वासूपणा. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात इस्राएल लोकांची अमालेकाशी लढाई चालली आहे. त्यांचा पुढारी मोशे टेकडीवर हात वर धरून आहे. हात खाली आले की इस्राएल हटतं. त्याचे हात जड झाले तेव्हा त्याला एका धोंड्यावर बसवलं, एका बाजूने अहरोनाने आणि दुसऱ्या बाजूने हूराने हात धरले आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले. त्या ‘स्थिर’च्या जागी इब्रीत ‘एमुना’ आहे! थकलेल्या म्हाताऱ्याचे हात दोघांनी धरून ठेवलेत, ढळत नाहीत, ते एमुना. इब्री माणसाच्या कानात सत्य शब्दाशेजारी हे असं काही वाजत असतं.

आपल्याकडे चादर घेताना जुनी गिऱ्हाइकं पांढऱ्या रुमालाचं टोक ओलं करून काठावर घासतात. रुमालाला रंग लागला नाही की म्हणतात, पक्का आहे. एमेत या ‘पक्क्या’च्या जवळचा आहे. ओलं केलं, घासलं, उन्हात टाकलं तरी उतरत नाही. म्हणूनच स्तोत्रांत ‘दया’ आणि ‘सत्य’ ही जोडी पुन्हा पुन्हा येते. देवाचं सत्य म्हणजे त्याने दिलेला शब्द न मोडणं. सत्य आणि प्रीती वेगळ्या खोल्यांत राहत नाहीत.

ग्रीक ‘अलेथेइया’ची फोड ‘झाकलेलं नसणं’ अशी करतात, नव्या करारात तोच शब्द आहे. पण योहानाच्या लेखणीखाली इब्री पाया जाणवतो. त्याच्या शुभवर्तमानात येशू ‘आमेन, आमेन’ म्हणून बोलायला लागतो, असं २५ वेळा. जुन्या मराठी बायबलात त्याला ‘खचीत खचीत सांगतो’ केलंय. आमेन शेवटी म्हणायचा शब्द, दुसऱ्याच्या बोलण्याला दिलेला दुजोरा. येशू तो आधी म्हणतो, म्हणजे स्वतःच्या शब्दाला स्वतःच जामीन राहतो. हे लक्षात घेतलं की १४:६ मधला ‘मीच’ नीट ऐकू येतो. तिथे त्याने सिद्धान्त मांडला नाही, स्वतःला पुढे केलंय.

म्हणून माझी सूचना ‘अढळ सत्य’. ध्रुवबाळामुळे ‘अढळपद’ प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे, शब्द शिकवावा लागत नाही. ‘अढळ’मध्ये मतनिरपेक्षता पुरती येत नाही, हे खरं. त्यासाठी आत एका वाक्यात ‘निरपेक्ष’ वापरा आणि तिथेच उलगडा करा.

दत्त चौक:
मी ख्रिस्ती नाही, चर्चा आवडली म्हणून लिहितो. ‘सत्य मीच’ हे आमच्या कानाला कठीण जातं. आपलं गाव सोलापूर, संत सिद्धरामेश्वरांचं. इथे गड्ड्याच्या यात्रेत सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात. गांधीजी १९३१ साली स्वित्झर्लंडमध्ये म्हणाले की ‘ईश्वर सत्य आहे’ यापेक्षा ‘सत्य हाच ईश्वर’ हे त्यांना अधिक पटतं. त्यात सगळ्यांना जागा होते. तुमच्या वाक्यात कुणाला जागा उरते?

जुळे सोलापूर:
दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देणार नाही. गांधीजींचं वाक्य मला प्रिय आहे, पण त्यात आणि योहानात फरक आहे तो मिटवूही नये. ‘सत्य हाच ईश्वर’ म्हटलं की शोध माझ्याकडून सुरू होतो. योहानात सत्य माणसाला शोधत येतं, नाव घेऊन हाक मारतं. हा दावा मोठा आहे आणि ख्रिस्ती माणसाने तो पातळ करून सांगू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पण दावा ख्रिस्ताचा आहे, ख्रिस्ती माणसाचा नाही. ‘सत्य मीच’ म्हणायचा अधिकार मला नाही, पाळकांना नाही, कुठल्या मंडळीलाही नाही. पौल करिंथकरांना स्पष्ट लिहितो की आता आपल्याला आरशात अंधुक दिसतं, कळतं ते अंशतः. सत्य अढळ, माझी समज अर्धवट. ही दोन वाक्यं एका श्वासात म्हणता आली नाहीत की धर्म दुसऱ्याच्या डोक्यात घालायचा सोटा होतो आणि तसं झालंही आहे. जागेचं विचाराल तर संत ऑगस्टीनने चौथ्या-पाचव्या शतकातच लिहिलंय की सत्य कुठेही सापडो, ते प्रभूचंच आहे. कॅथलिक चर्चने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत जाहीर केलं की इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. सगळे ख्रिस्ती याचा अर्थ सारखा लावत नाहीत, आमच्यात यावर कडाक्याचे वाद आहेत. माझ्यापुरतं सांगतो, सिद्धरामेश्वरांनी लोकांसाठी तलाव खोदला या परंपरेपुढे मान लववताना मला माझं बायबल मिटावं लागत नाही.

नवी पेठ:
एक व्याकरणाची नोंद. पिलाताने येशूला विचारलेल्या ‘सत्य काय आहे?’ या प्रश्नात ग्रीकमध्ये सत्याला उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखं) नाही, १४:६ मध्ये आहे. मराठीत उपपद नसल्याने दोन्हीकडे ‘सत्य’ सारखंच दिसतं. ‘मीच’मधला ‘च’ काही अंशी ते काम करतो. ‘अढळ’ला माझी हरकत नाही.

साखर पेठ:
काका, दादा, सगळ्यांचे आभार. पाळकसाहेबांना वाचून दाखवलं, ‘अढळ सत्य’ त्यांना पटलं. आता शेवटची अडचण. संघात निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. त्यांना कसं समजावू?

जुळे सोलापूर:
दोन्ही भाषांच्या बायबलात या वचनात सत्य हाच शब्द आहे, त्यामुळे वाचताना अडणार नाही. बोलताना मात्र तेलुगूत ‘निजं’ आणि कन्नडात ‘निज’ म्हणा, घरात खरं-खोटं करताना तेच वापरतात. मराठीत ‘निज’ म्हणजे स्वतःचं, तेवढं मराठी मुलांना आधी सांगा, नाहीतर गोंधळ होईल. आणि आपल्या बायबलातला ‘खचीत’ आज मराठी मुलांना जुनाट वाटतो, पण कन्नडात ‘खचित’ रोजच्या वापरात आहे, पक्की बातमी म्हणजे खचित बातमी. ‘खचीत खचीत’ म्हणजे काय ते कन्नड बोलणाऱ्या मुलांपैकी कुणालातरी उभं करून सांगायला लावा. पत्रक छापायच्या आधी इथे टाका, शुद्धलेखन बघून देतो. ‘अढळ’मधला ढ छापखान्यात बऱ्याचदा द होतो.