मदत हवी आहे: नामिबियाची कॅम्पिंग टूर, सोबत ६६ वर्षांची आई

मंडळी, थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल.

येत्या जुलैत आईला घेऊन केप टाउन ते विंडहुक अशी छोट्या गटाची कॅम्पिंग टूर करायचं मनात आहे. दोनेक आठवडे, बारा-चौदा माणसं, एक मोठा ट्रक. तंबू आपला आपण उभारायचा, स्वयंपाकाला आणि भांड्यांना आळीपाळीने हात लावायचा. मार्ग केप टाउन, ऑरेंज नदी, फिश रिव्हर कॅन्यन, सेसरिएम-सोसुसफ्लेई (वाळूच्या टेकड्या), स्वाकोपमुंड (समुद्रकाठचं गाव), इटोशा (वन्यप्राण्यांचं उद्यान) आणि शेवटी विंडहुक.

आई नाशिकला शाळेत भूगोल शिकवायची. ऐन समुद्रकाठी वाळवंट कसं, हे तिने कित्येक वर्षं फळ्यावर काढून दाखवलं. बेंग्वेलाचा थंड प्रवाह, त्यावरची गार हवा वर चढत नाही म्हणून पाऊस नाही, नुसतं धुकं. आणि त्या धुक्याचं पाणी पाठीवर झेलून, डोकं खाली करून पिणारे भुंगेरे. युरोप दाखवते म्हटलं तर नको म्हणाली, नामिबचं वाळवंटच बघायचं आहे तिला. ही टूर तिच्यासाठी जमावी अशी फार इच्छा आहे.

तब्येत एरवी उत्तम, रोज चालते. उजवा गुडघा मात्र दुखतो, जमिनीवरून उठताना आधार लागतो. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही.

हे असं तंबूत झोपणं तिला झेपेल का, की लॉजवाली टूरच घ्यावी? लॉजवाल्या टूरचे पैसे जवळपास दुप्पट सांगत आहेत. जुलैत रात्री थंडी किती असते? ट्रकमधले लांब पल्ले पाठीला त्रास देतात का? जेवणाचं काय? आणि व्हिसा, लशी यांत काही अडचण येते का? ज्यांनी हा भाग पाहिला आहे त्यांनी कृपया लिहा.

– मृण्मयी_ना

---

मृण्मयी, आम्ही केप टाउनलाच राहतो, हा रस्ता ओळखीचा आहे. काकूंना जरूर आणा.

तंबूबद्दल आधी. तंबू माणूस उभा राहील एवढे उंच असतात आणि उभारायला गटातले लोक मदत करतात. अडचण खाली अंथरलेल्या गादीवरून उठण्याची आहे. कंपनीला घडीची खाट मिळेल का ते विचारा, नाहीतर दोन गाद्या एकावर एक मागा. त्याच ट्रकमधून जाऊन मुक्कामाला खोली घेण्याची सोय बऱ्याच कंपन्या देतात. सगळ्या रात्री नव्हे, मधल्या दोन-तीन रात्री खोलीत काढल्या तरी गुडघ्याला पुष्कळ आराम पडेल. स्वाकोपमुंडला बहुतेक सगळेच गट छपराखाली झोपतात.

सेसरिएमचा मुक्काम मात्र उद्यानाच्या फाटकाच्या आत आहे ना, ते आवर्जून विचारा. आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या आधी निघता येतं, बाहेरच्यांना फाटक उघडेपर्यंत थांबावं लागतं. उजाडताना तिथल्या वाळूच्या टेकड्यांची एक बाजू लाल आणि दुसरी काळी दिसते, ते चुकवू नका. ४५ नंबरची टेकडी फाटकापासून ४५ किलोमीटरवर आहे. काकूंनी ती चढायची गरज नाही, पायथ्याशी बसूनही छान दिसते. जोर डेडफ्लेईसाठी, म्हणजे वाळलेल्या झाडांच्या त्या कोरड्या तळ्यासाठी, राखून ठेवा. शेवटचे ५ किलोमीटर फोर-बाय-फोर गाडीने, मग वाळूतून साधारण किलोमीटरभर चाल. सावकाश, काठी घेऊन. तिथे त्साउचाब नदीची वाट वाळूने अडवली, पाणी तुटलं आणि बाभळीच्या जातीची झाडं उभ्या उभ्या वाळली. हवा इतकी कोरडी की शेकडो वर्षं झाली तरी कुजलेली नाहीत. भूगोलाच्या बाईंनी तिथे अर्धा तास तरी बसावं.

तिथून समुद्राकडे जाताना सॉलिटेअर या छोट्या वस्तीच्या पुढे मकरवृत्ताची पाटी आहे. गाडी थांबतेच, फोटो काढा.

– केपकर

---

थंडीचं मी सांगतो. जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा. दिवसा स्वेटर काढावा लागतो आणि पहाटे वाळवंटात पारा शून्याजवळ येतो. स्लीपिंग बॅग बहुतेक टूरमध्ये आपली आपण न्यायची असते, ती शून्याखालच्या तापमानाचीच घ्या. कानटोपी, थर्मल, दोन जोड मोजे. स्वाकोपमुंडला तर दुपारपर्यंत धुकं आणि बोचरा वारा असतो. काकूंना हवं ते धुकं भरपूर मिळेल!

पल्ले लांब आहेत, खडीचे रस्ते आहेत, धूळ आणि धक्के दोन्ही. मागच्या चाकावरच्या जागा टाळा. कमरेचा पट्टा असेल तर आणा.

इटोशात ओकाउकुएयोच्या तळावर रात्री दिवे लावलेला पाणवठा आहे. तळावरून चालत दोन मिनिटं, कठड्यामागे बाक आहेत. जुलैत बाहेर पाणी आटलेलं असतं, त्यामुळे हत्ती आणि काळे गेंडे तिथे येतात. गुडघेदुखीवाल्यांना याहून चांगली सफारी नाही.

जेवणाचं बुकिंग करतानाच लेखी कळवा, "शाकाहारी, अंडं नाही, मासे नाहीत" असं सुटं सुटं. तिकडे संध्याकाळी निखाऱ्यावर मांस भाजायची पद्धत आहे, त्यामुळे वेगळी जाळी मागा. सोबत मेतकूट, कोरडी चटणी, झटपट उपमा न्या, पण सीलबंद पाकिटं.

– डोंगरवाट

---

व्हिसाचं राहिलं. दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया, दोन देश, दोन वेगळे व्हिसा. परतीचं विमान विंडहुकहूनच असेल तर ठीक, पण पुन्हा केप टाउनला यायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेचा एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागा. आणि विमान आदिस अबाबामार्गे घेत असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचा नियम आधी पाहा. साठीनंतर ती लस डॉक्टर जपून देतात, म्हणून आईंसाठी दोहा किंवा दुबईमार्गे जाणं सोपं. इटोशाच्या बाजूला मलेरियाचा धोका हिवाळ्यात कमी असतो, तरी डॉक्टरांना विचाराच.

– केपकर

---

मनापासून आभार! आईला सगळं वाचून दाखवलं, डेडफ्लेईचं तर दोनदा. घडीच्या खाटेचं आजच कंपनीला लिहिते. शून्याखालची स्लीपिंग बॅग पुण्यात किंवा नाशिकमध्ये भाड्याने कुठे मिळते, ते कोणाला माहीत आहे का?

– मृण्मयी_ना