जाळीदार टायटॅनियम इम्प्लांटचा ताठरपणा संगणकावर कसा काढावा?

प्रश्न (रत्नागिरी): नमस्कार. मांडीच्या हाडात बसवायच्या, जांभ्याच्या चिऱ्यासारख्या सच्छिद्र टायटॅनियम जाळीचे सिम्युलेशन मी करीत आहे. भरीव टायटॅनियम मिश्रधातूचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठरपणाचे माप) सुमारे 110 गिगापास्कल, तर हाडाच्या कठीण कवचाचा साधारण 20. त्यामुळे भार धातूच पेलतो आणि आजूबाजूचे हाड विरळ होत जाते. संपूर्ण जाळी गणितासाठी त्रिमितीय घटकांत (बारीक तुकड्यांत) विभागली की संगणक अडकून पडतो. काय करावे?

उत्तर (मालवण): प्रथम एकाच एकक कोशिकेवर (जाळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्यावर) आवर्ती सीमाअटी लावून, म्हणजे समोरासमोरच्या बाजू शेजारच्या कोशिकांना जोडल्यासारख्या एकसारख्या विकृत होतील असे धरून, सरासरी गुणधर्म काढा आणि पूर्ण इम्प्लांटमध्ये तेच वापरा. ज्या जाळीच्या दांड्या मुख्यतः वाकतात, तिचा गुणांक सापेक्ष घनतेच्या (भरीव धातूच्या तुलनेत जाळीच्या घनतेच्या) वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे 0.3 घनतेला अंदाजे 10 गिगापास्कल. उत्तर याच्या आसपास नसेल, तर आधी सीमाअटीच तपासा.

उत्तर (वेंगुर्ले): सहमत, मात्र पावलागणिक पडणाऱ्या भाराबाबत ही सरासरी फसवते, कारण तडा बहुधा दांड्यांच्या सांध्यापाशी, त्रिमितीय छपाईत राहिलेल्या खडबडीत पृष्ठभागावरून सुरू होतो. तेवढा भाग त्रिमितीय घटकांनीच तपासावा. दांडीची जाडीही आराखड्यातली न धरता सूक्ष्म सीटी स्कॅनने मोजावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कोशिकेच्या बाजू मी मोकळ्याच सोडल्या होत्या; गुणांक इतका कमी का येत होता, ते आता कळले.