मदत हवी आहे: फिलाडेल्फियातल्या वैद्यक विद्यार्थिनींची मूळ कागदपत्रं (१८८०-९०)

शोधिका: आनंदीबाई जोशी शिकल्या त्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधल्या विद्यार्थिनींवर प्रबंध लिहितेय. चरित्रं नकोत, मूळ कागद हवेत: पत्रं, याद्या, अहवाल. अमेरिकेला जाणं शक्य नाही. कॉलेजचं नाव टाकून शोधलं तर फार थोडं हाती लागतं. काय चुकतंय?

दप्तरबंद: नाव. अधिकृत नावात 'वुमन्स' असं एकवचन आहे. 'विमेन्स' टाकलंत की नोंदी निसटतात. शिवाय १८५० मध्ये ते 'फीमेल मेडिकल कॉलेज' होतं, १८६७ मध्ये 'वुमन्स' झालं, १९७० मध्ये 'मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया'. दप्तर आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या लेगसी सेंटरमध्ये आहे. तिन्ही नावं वेगवेगळी शोधा. तिथल्या इंग्रजी कागदांत जोशी आडनावाच्या शेवटी आय नाही, दोन ई (Joshee).

संग्रहसूची साधारणपणे खोका आणि फोल्डरपर्यंतच जाते, एकेका पत्राची नोंद क्वचितच मिळते. म्हणून विद्यार्थिनीऐवजी पत्रं जिच्याकडे जमली तिला धरा: डीन रेचल बॉडली (१८७४-८८). आनंदीबाईंचा १८८६चा प्रसूतिशास्त्रावरचा प्रबंधही तिथेच आहे.

कपाट७: विवाहित बाई तेव्हाच्या कागदांत बऱ्याचदा 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं नाव अशीच सापडते. आधी तक्ता करा: माहेरचं नाव, नवऱ्याचं नाव, लग्नाचं वर्ष, राज्य. मगच जनगणनेकडे वळा. १८९०च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१च्या आगीनंतर गेले, तेव्हा १८८० आणि १९०० यांच्यावरच भागवावं लागेल. फॅमिलीसर्च या वंशावळ शोधायच्या संकेतस्थळावर खातं काढलं की दोन्ही फुकट पाहता येतात.

वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा जुन्या अंकांचा ऑनलाइन संग्रह. यंत्राने वाचलेल्या मजकुरात परदेशी नावं हमखास बिघडतात, म्हणून नावापेक्षा तारीख धरा. पदवीदान ११ मार्च १८८६ला झालं. त्यापुढचा आठवडाभर 'कमेन्समेंट' शोधा.

शोधिका: आणि आनंदीबाई, केई ओकामी, सबात इस्लामबूली या तिघी विद्यार्थिनींचा तो प्रसिद्ध फोटो?

दप्तरबंद: तो पदवीदानाचा नव्हे, १० ऑक्टोबर १८८५चा. जालावर सर्रास चुकीचा मथळा फिरतो. केई ओकामींना पदवी १८८९ मध्ये मिळाली, सबात इस्लामबूलींना १८९० मध्ये. इस्लामबूलींचं पहिलं नाव 'तबत' असंही लिहिलेलं आढळतं.

कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये आनंदीबाईंचं चरित्र छापलं. त्यांचे खासगी कागद बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. तेही चाळायला हवेत.

कपाट७: संग्रहालयांना ईमेल करताना 'आनंदीबाईंवरचं सगळं पाठवा' असं लिहू नका. संग्रहाचं नाव, क्रमांक, खोका, फोल्डर, वर्षं द्या आणि स्कॅनचा खर्च आधी विचारा. फाइल आली की खोका-फोल्डर क्रमांक तिच्या नावातच घाला, नाहीतर तळटीप लिहिताना पुन्हा तोच पत्रव्यवहार.