पोत्यांचे फ्रॉक
काही जण म्हणतात की अमेरिकेतला शेतकरी पहिल्यापासून सुखवस्तूच होता. आयोवातल्या आमच्या शेजारच्या आजींकडून जे ऐकलं, त्यावरून मला हे पटत नाही. त्यांचा जन्म १९३१चा. १९३५च्या सुमारास देशभरात दहातल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती. यांच्याकडे ती महायुद्धानंतर आली, तोवर रॉकेलचा दिवा आणि हातपंप.

कोंबड्यांचं खाद्य कापडी पोत्यांतून यायचं. बायका त्यांचे कपडे शिवतात हे पाहून कंपन्या पोत्यांवर फुलांची नक्षी छापू लागल्या! एका फ्रॉकला दोन-तीन पोती लागत, म्हणून आजींची आई त्यांच्या वडिलांना कापडाचा तुकडा देऊन बजावायची, "याच छापाचं आणा." ते नेमकं तळाशी असलं की दुकानात अख्खी थप्पी उपसावी लागे. उरलेल्या तुकड्यांची गोधडी व्हायची.

मळणी मात्र थेट आपल्या इर्जिकीसारखी. एकच यंत्र शेतोशेत फिरायचं, मागोमाग सगळे शेजारी. ज्याचं शेत, त्याच्या घरी वीस माणसांचं जेवण.

ती गोधडी आजींनी मला उलगडून दाखवली. निळ्या फुलांच्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा माझा शाळेचा पहिला फ्रॉक."